निळी पडलेली पटाशी फेकू नका

लेथ आला की नवशिक्याची दुसरी खरेदी बहुधा आठ हत्यारांची लाकडी पेटी असते. सगळी लागतातच, हा पहिला गैरसमज. लाटणं, मुठी, खुर्चीचे पाय अशा लांबट कामाला रफिंग गाउज, लहान स्पिंडल गाउज, तिरक्या तोंडाची स्क्यू आणि पार्टिंग टूल एवढी चार पुरतात. वाडगे करायचे असतील तर एक बोल गाउज वेगळी घ्या. वाचलेले पैसे ग्राइंडरला ठेवा, कारण खरी मेख तिथेच आहे.

रफिंग गाउज दणकट दिसते, म्हणून वाडग्यालाही चालेल असं वाटतं. चालत नाही, आणि इथे चूक महागात पडते. मुठीत शिरणारं तिचं शेपूट पातळ, चपटं असतं. वाडग्याचं लाकूड आडवं धरलेलं असल्याने प्रत्येक फेऱ्यात दोनदा आडवे रेषे समोर येतात; हत्यार अडकलं की शेपूट तिथेच मोडू शकतं. जुनी कानस घासून पटाशी करण्याची हौसही नको. कानस कडक असते, पण ठिसूळ.

‘धार आठवड्यातून एकदा लावली की झालं’ म्हणणाऱ्यांनी थोडा हिशेब करावा. पंचवीस सेंटिमीटर व्यासाचा वाडगा मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचं जवळजवळ ७८५ मीटर लाकूड मिनिटभरात धारेवरून जातं. दहा मिनिटांत पावणेआठ किलोमीटर! कातताना भुसा उडायला लागला, हात आपोआप जोर लावू लागला, की थांबायचं. बोथट हत्यार सुरक्षित नसतं. दाबून धरलेलं हत्यारच लाकडात घुसतं.

ग्राइंडरवर कड निळी पडली की ‘पाणी उतरलं’ म्हणून हळहळतात. साध्या कार्बन पोलादाच्या बाबतीत ते खरंच. निळा रंग सुमारे ३०० अंशांना येतो आणि तोवर कड मऊ झालेली असते. पण आजची बहुतेक हत्यारं हाय स्पीड स्टीलची. ते ५०० अंशांच्या पुढेही कडकपणा टिकवतं. निळी पडली तरी खुशाल वापरा. फक्त तापलेली कड पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जाऊ शकतात. हे पोलाद उष्णता सोसतं, म्हणून मिनिटाला २८०० फेऱ्यांचा साधा ग्राइंडरही चालतो. चाक मात्र पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचं बसवा आणि हात हलका ठेवा.

धारेचा कोन जमत नाही म्हणून चाक चालू ठेवून अंदाज घेत बसणं म्हणजे पोलाद उगाच उडवणं. धारेमागच्या उतारावर मार्करने शाई फासा, ग्राइंडर बंद ठेवून हत्यार चाकाला टेकवा आणि चाक हाताने थोडं फिरवा. शाई फक्त टोकाकडची गेली तर कोन बोथट होतोय, फक्त मागची गेली तर धारेला चाक लागतच नाहीये. हत्यार ठेवायचा ग्राइंडरचा टेकू सरकवत राहा. टोकापासून उताराच्या मागच्या कडेपर्यंत शाई एकसारखी निघाली, की मगच बटण दाबा.