परदेशातील उच्च माध्यमिक शिक्षण आणि महाराष्ट्रातील पदवी प्रवेश : एक विवेचन

प्रास्ताविक

नोकरी-व्यवसायानिमित्त परदेशी गेलेल्या कुटुंबांतील मुले आता संगमनेरसारख्या तालुक्याच्या गावीही प्रवेशासाठी येऊ लागली आहेत. अकरावी-बारावी परदेशात झाली की पुढील प्रवेश सुकर होतो, असा समज पालकांत रूढ आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे प्रवेश देताना विद्यार्थ्याचा एकंदर अनुभव, निबंध व शिफारसपत्रे विचारात घेतात. तेथे या समजास काही आधार आहे. आपल्याकडील व्यावसायिक प्रवेशप्रक्रिया मात्र प्रवेश परीक्षेतील गुण आणि पात्रतेचे नियम यांवर उभी आहे. तीत परदेशातील वास्तव्यास स्वतंत्र गुण नाहीत. उलट, दहावी व बारावी कोठे उत्तीर्ण केली या एका प्रश्नावर विद्यार्थ्याची संधी पालटू शकते. प्रवेश समितीवर काम करणाऱ्या प्राध्यापकांसमोर हा प्रश्न प्रत्यक्ष येतो, म्हणून त्याचे स्वरूप येथे मांडले आहे.

समकक्षता

पहिला प्रश्न समकक्षतेचा. १९२५ मध्ये आंतरविद्यापीठीय मंडळ म्हणून स्थापन झालेला भारतीय विश्वविद्यालय संघ परदेशी परीक्षांची समकक्षता ठरवीत आला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये याविषयी स्वतंत्र विनियम काढले. त्यांत शालेय अर्हतेसाठी किमान बारा वर्षांचे नियमित शिक्षण अपेक्षित आहे. परंतु समकक्षता म्हणजे पात्रता नव्हे. अमेरिकन हायस्कूलची पदविका बारावीस समकक्ष ठरली, तरी तीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय पुरेशा पातळीवर घेतलेले नसतील, तर वैद्यकीय प्रवेशाचे दार उघडत नाही. तेथे विषयांची निवड बरीचशी विद्यार्थ्याच्या इच्छेवर सोडलेली असते. ही निवड चौदा-पंधराव्या वर्षी, भारतातील नियम ठाऊक नसताना केली जाते, आणि अडचण पुढे तीन-चार वर्षांनी उघडकीस येते.

निकालाची तारीखही दुर्लक्षिली जाते. राज्य मंडळाचा बारावीचा निकाल सामान्यतः मे महिन्यात लागतो, आयबीचा जुलैच्या आरंभी, तर केंब्रिजच्या मे-जून परीक्षेचा ऑगस्टमध्ये. तोवर प्रवेशाच्या काही फेऱ्या होऊन गेलेल्या असू शकतात. केंब्रिजने भारतातील शाळांसाठी मार्चमधील परीक्षेची सोय केली ती याच कारणाने. दुबईत बसलेल्या मराठी मुलास तिचा लाभ नाही.

अधिवास आणि परीक्षेचे ठिकाण

खरी मेख येथे आहे. एकाच विद्यार्थ्यास तीन प्रवेशप्रक्रिया तीन निरनिराळ्या दृष्टींनी पाहतात.

वैद्यकीय प्रवेशात शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या व ८५ टक्के राज्याच्या असतात. राज्याच्या जागांसाठी अधिवासाबरोबरच दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण होणे आवश्यक असते. काही शासकीय व सैनिकी सेवांतील पाल्यांसाठी अपवाद आहेत. खाजगी नोकरीसाठी आखातात गेलेल्या पालकांच्या मुलास ते लागू पडत नाहीत. आई-वडील मूळचे संगमनेरचे, शेती व घर येथेच, मुलाचे वास्तव्य परदेशात केवळ चार वर्षे, तरीही त्या मुलास ८५ टक्क्यांच्या जागांना मुकावे लागते. नीटमध्ये त्याचे गुण कितीही चांगले असोत, स्पर्धेचे क्षेत्रच आकुंचित होते.

अभियांत्रिकीचा नियम तुलनेने उदार आहे. बारावी राज्याबाहेर झाली असली तरी विद्यार्थी स्वतः किंवा त्याचे आई वा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असल्यास 'ब' प्रकारातून राज्याच्या जागांसाठी अर्ज करता येतो. त्यामुळे संगमनेरच्या अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थेचा मार्ग मोकळा राहतो. पालकांचे अधिवास प्रमाणपत्र मात्र तहसील कार्यालयातून वेळेत मिळवावे लागते, आणि कुटुंब परदेशात असताना हे काम वाटते तितके सोपे नसते. शिवाय राज्याची सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर आधारलेली असल्याने परदेशी अभ्यासक्रम शिकलेल्या मुलास निराळी तयारी करावी लागते.

राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थांत निम्म्या जागा त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. राज्य ठरते ते बारावी उत्तीर्ण केल्याच्या ठिकाणावरून. बारावी परदेशात झाली असेल तर पासपोर्टवरील कायमच्या पत्त्यावरून. पासपोर्टवर संगमनेरचा पत्ता असलेला मुलगा नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत महाराष्ट्राचाच गणला जातो. तोच विद्यार्थी एका प्रक्रियेत महाराष्ट्राचा आणि दुसरीत बाहेरचा, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे. परदेशस्थांसाठीच्या 'दासा' योजनेत अतिरिक्त जागा असतात. तथापि तेथील शुल्क मध्यमवर्गीयांस सहज परवडणारे नाही.

परदेशात जन्मलेल्या, ओसीआय कार्डधारक मुलांचा प्रश्न आणखी बिकट आहे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने त्यांना अनिवासी भारतीयांच्या जागांपुरते मर्यादित केले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ही मर्यादा त्या तारखेनंतर कार्ड मिळालेल्यांनाच लागू राहील, असे स्पष्ट केले.

एका वर्षाचा खंड

विनिमय कार्यक्रमातून एका वर्षासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी आहे. त्यास तेथील पदविका मिळेलच असे नसते. परतल्यावर अकरावी पुन्हा करण्याची वेळ येऊ शकते. मात्र दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातच झाल्यास त्याचा राज्याच्या जागांवरील हक्क शाबूत राहतो. एक वर्ष गेले तरी पात्रता जात नाही. म्हणूनच पालक सल्ल्यासाठी आल्यास मुलाच्या गुणपत्रिकेआधी दोन गोष्टी विचारणे इष्ट ठरते : मुलाचा कल वैद्यकीयकडे आहे काय, आणि दहावीची परीक्षा अद्याप व्हावयाची आहे काय. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर दहावीपूर्वीच परतण्याचा विचार करता येतो. दहावी परदेशात झाल्यानंतर हा पर्याय उरत नाही.