नागपूर दीड तासावर, पण बदलापूरहून किती?

मुंबई ते नागपूर विमानाने दीड तास, असे तिकिटावर छापलेले असते. ते खोटे नाही. मुंबईचा विमानतळ आणि नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ यांतील सरळ अंतर सुमारे ६८५ किलोमीटर. रेल्वेचे अंतर मात्र ८३७, कारण गाडीला कसारा घाट चढून मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असे जावे लागते. विमान हवेत असते जेमतेम तास-सव्वा तास, बाकीचा वेळ धावपट्टीवर जातो.

आम्ही पडलो कारकून. आकडा दिसला की बेरीज मांडतो. बदलापूरच्या घरातून स्टेशन गाठून लोकल मिळेपर्यंत अर्धा तास. घाटकोपरपर्यंत एक तास दहा मिनिटे. तिथून मेट्रोने मरोळ नाका आणि गाडी बदलून विमानतळ, चाळीस मिनिटे. दोन तास आधी हजर राहायचे, कारण सामान घेण्याची खिडकी तासभर आधीच बंद होते. मग विमानाचा दीड तास. उतरून सामान मिळेपर्यंत अर्धा आणि नातेवाइकांच्या दारापर्यंत आणखी अर्धा तास. झाले सात तासांना दहा मिनिटे कमी! अंबरनाथ, उल्हासनगरवाल्यांनी फार तर पंधरा-वीस मिनिटे वजा करावीत.

गाडीने घरापासून घरापर्यंत साधारण पंधरा तास. म्हणजे विमानाने वेळ निम्मा होतो, दहापट वाचत नाही. शिवाय गाडीचे तास झोपेत जातात, विमानाचे दिवसाउजेडी. खाडा पडला की पगार कापला जाणाऱ्या माणसाने हा हिशेबही धरावा.

आता मुख्य प्रश्न. नागपूरहून फोन येतो, आई सिरियस आहे, निघा. अशा वेळी घरात कोणी अंतर मोजत बसत नाही. उसनवारी करून जे मिळेल ते तिकीट काढले जाते. आमचे म्हणणे एवढेच की आधी घड्याळ पाहावे. फोन संध्याकाळी पाचला आला तर विदर्भ एक्स्प्रेस रात्री आठच्या सुमारास कल्याणला मिळते आणि सकाळी नागपूरला सोडते. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या विमानानेही सकाळच होणार, आणि त्यासाठी मध्यरात्रीनंतर लोकल नसताना टॅक्सी करावी लागणार. मात्र फोन रात्री दहाला आला, गाडी निघून गेलेली असेल, तर पैसे विमानावरच खर्च करावेत. आईची भेट होण्याची आशा तिथेच अधिक.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला आहे. ७०१ किलोमीटर, आठ तास. चार-पाच जण असतील आणि दोन चालक असतील तर तोही विचार करण्यासारखा. एकट्या चालकाने रात्रभर गाडी हाणू नये.

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली आहेत. बदलापूर-अंबरनाथच्या लोकांना तळोजा-पनवेल रस्त्याने तो सोयीचा पडतो, फक्त हव्या त्या वेळेला नागपूरचे विमान आहे का ते पाहावे. तिकिटावर कोणत्या विमानतळाचे नाव आहे तेही नीट वाचावे. आता मुंबईचे विमानतळ दोन झाले आहेत, आणि चुकून दुसऱ्याच्या दारात उभे राहिलात तर विमान थांबत नाही.