उंदराची साक्ष आणि माणसाचे यकृत

औषध आणि विष यांच्यात पुष्कळदा केवळ मात्रेचे अंतर असते. पोटात घेतलेले बहुतेक प्रत्येक औषध आतड्यातून शोषले गेल्यावर प्रथम यकृतात येते. नगराच्या वेशीवर जकातनाका असावा त्याप्रमाणे तेथे त्याची छाननी होते, त्याचे रूप पालटते आणि ते शरीराबाहेर टाकण्याची व्यवस्था होते. क्वचित मात्र ही छाननी चालू असतानाच आलेला माल नाक्यावर उलटतो. कावीळ होते, रक्त गोठेनासे होते, रुग्णाची शुद्ध हरपू लागते, आणि काल-परवापर्यंत धडधाकट असलेला मनुष्य थोड्याच दिवसांत मृत्यूच्या दारात उभा राहतो. यकृताचे रोपण हा अशा वेळी शेवटचा उपाय. परंतु तो सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेरचा असतो, आणि पैसा उभा राहिला तरी यकृत वेळेवर मिळेलच असे नाही.

औषधाने यकृत असे अचानक का निकामी होते, याचा शोध माणसाला विष पाजून घेता येत नाही. तो प्राण्यांवर घ्यावा लागतो. या प्रयोगांसंबंधी दोन टोकाची मते ऐकू येतात. ते क्रूर आणि निरर्थक आहेत, असे एक मत. प्राण्यांवर सिद्ध झाले म्हणजे शास्त्राने सिद्ध झाले, असे दुसरे. गेल्या सहा दशकांचा इतिहास पाहता दोन्ही मते अपुरी ठरतात. प्राण्याची साक्ष मोलाची असते. मात्र तिचे मोल त्याला कोणता प्रश्न विचारला यावर अवलंबून असते.

पॅरासिटामॉलचा धडा

ताप आणि डोकेदुखी यांवरील पॅरासिटामॉलची गोळी आज घरोघरी असते. योग्य मात्रेत ती निर्धोक आहे. परंतु अतिमात्रेने यकृताचा नाश होतो, हे १९६६ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी रुग्णांच्या बाबतीत नोंदवले, आणि त्याच वर्षी कॅनडातील संशोधकांनी उंदरांच्या बाबतीत. असे का होते, याचे उत्तर १९७३ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मिळाले. बर्नार्ड ब्रोडी, जेरी मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, पॅरासिटामॉल स्वतः यकृताचा घात करत नाही. त्याचा थोडा अंश यकृतातील विकरांमुळे एका जहाल द्रव्यात रूपांतरित होतो. यकृतातील ग्लुटाथायोन हा पदार्थ एरव्ही त्या द्रव्याला निष्प्रभ करतो. अतिमात्रेत ग्लुटाथायोनचा साठा संपुष्टात येतो आणि मग ते जहाल द्रव्य पेशींतील प्रथिनांना चिकटते. रूपांतराचा वेग वाढवणारे रसायन उंदरांना आधी दिले, तेव्हा हानी वाढली. रूपांतर रोखणारे दिले, तेव्हा ती घटली. साठा भरून काढणारे सिस्टीन दिले, तेव्हा यकृत वाचले.

या उत्तरातच उपाय दडलेला होता. एडिंबरोचे लॉरी प्रेस्कॉट यांनी सिस्टीनचाच एक प्रकार असलेले अॅसिटिलसिस्टीन रुग्णांना शिरेतून दिले आणि १९७९ मध्ये शंभर रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहा तासांच्या आत उपचार मिळालेल्या ६२ जणांपैकी केवळ एकाच्या यकृताला गंभीर इजा झाली. ज्यांना हे औषध मिळाले नव्हते अशा ५७ रुग्णांत हीच संख्या ३३ होती. प्रयोगशाळेतील उंदरापासून रुग्णाच्या खाटेपर्यंतचे अंतर इतक्या थोड्या वर्षांत कापले गेल्याची उदाहरणे वैद्यकात फार नाहीत. प्राण्यांवरील प्रयोग सरसकट निरर्थक म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विसरता कामा नये.

औषध आधी, विष नंतर

परंतु याच प्रयोगाची आंधळी नक्कल झाली की काय होते, हेही पाहिले पाहिजे. एखादी वनस्पती यकृताचे रक्षण करते, असा निष्कर्ष काढणारे प्रबंध आपल्या देशात विपुल लिहिले गेले आहेत. त्यांतील अनेकांची रीत ठरलेली असते. प्राण्यांना काही दिवस वनस्पतीचा अर्क पाजायचा, नंतर पॅरासिटामॉल द्यायचे आणि अर्क न मिळालेल्या प्राण्यांशी तुलना करायची. रुग्ण मात्र विष पोटात गेल्यावर दवाखान्यात येतो. विष घेण्याच्या आठवडाभर आधी तो अर्क घेत नसतो.

यातील दोष केवळ क्रमाचा नाही. जे द्रव्य पॅरासिटामॉलचे जहाल रूपांतरच रोखते, ते आधी दिल्यास यकृत वाचणारच. त्यावरून यकृताला बळ मिळाले असे ठरत नाही. अर्क विरघळवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डायमिथिल सल्फॉक्साइड या द्रावकातही हा रूपांतर रोखण्याचा गुण आहे. म्हणजे श्रेय अर्काचे की द्रावकाचे, हाही प्रश्न उरतो. शिवाय ‘माऊस’ या लहान उंदरात पॅरासिटामॉलचा परिणाम बराचसा माणसासारखा होतो, तर ‘रॅट’ हा मोठा उंदीर या विषाला पुष्कळ दाद देत नाही. असे असूनही सोयीसाठी रॅटच निवडला जातो. पदवीसाठी प्रबंध हवा, प्रबंधासाठी निष्कर्ष हवा, आणि ठरीव पद्धतीने अनुकूल निष्कर्ष स्वस्तात मिळतो, असे हे अर्थकारण आहे. त्यात प्राण्यांचे बळी जातात आणि रुग्णाच्या पदरात काही पडत नाही.

‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी या समजुतीला अशा निष्कर्षांनी आधारच मिळतो. प्रत्यक्षात, औषधांमुळे यकृताला इजा झालेल्या १२८८ भारतीय रुग्णांच्या नोंदी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांत जवळजवळ निम्म्या रुग्णांत कारण क्षयरोगाची औषधे हे होते, तर सुमारे एक-सप्तमांश रुग्णांत वनौषधी व अन्य पर्यायी औषधे. यकृतरक्षक म्हणून ज्यांची ख्याती, त्या वर्गातील औषधांनी दुसरा क्रमांक मिळवावा, यावर अधिक भाष्याची जरुरी नाही.

पाच मृत्यूंचा अर्थ

प्रश्न योग्य आणि पद्धत काटेकोर असूनही प्राणी चुकीची साक्ष देऊ शकतो, हे १९९३ मध्ये दिसून आले. ‘ब’ प्रकारच्या काविळीवर फियालुरिडिन नावाचे औषध आशादायक ठरले होते. उंदीर, कुत्रे आणि माकडे यांवरील चाचण्यांत यकृताला धोका दिसला नव्हता. बेथेस्डा येथे पंधरा रुग्णांना ते देण्यात आले. काही आठवडे सारे ठीक चालले. मग एका रुग्णाचे यकृत एकाएकी निकामी झाले. औषध तात्काळ थांबवले, तरी एकूण सातजणांची तीच गत झाली. त्यांपैकी पाच मृत्यू पावले. दोघे यकृतरोपणामुळे वाचले.

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकांना तंतुकणिका म्हणतात. फियालुरिडिनला या तंतुकणिकांत नेणारे एक वाहक प्रथिन मानवी पेशींत तेथे असते, उंदराच्या पेशींत नसते, असा उलगडा पुढे २००६ मध्ये झाला. २०१४ मध्ये मानवी यकृतपेशी रुजवलेल्या उंदरांना हेच औषध दिले असता यकृताची हानी स्पष्ट दिसली. प्रश्न तोच होता. साक्षीदार बदलताच उत्तर बदलले. मात्र ते एकवीस वर्षे उशिरा आले.

शेवटची परीक्षा

काही धोके तर कोणत्याच प्रयोगशाळेत सापडत नाहीत. मधुमेहावरील ट्रॉग्लिटाझोन हे औषध १९९७ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. त्यापूर्वीच्या चाचण्यांत सुमारे अडीच हजार रुग्णांनी ते घेतले होते. त्यांतील सुमारे दोन टक्क्यांच्या रक्तचाचण्यांत यकृतावरील ताण दिसला, पण यकृत कोणाचेही निकामी झाले नव्हते. वापर वाढल्यावर मृत्यू घडू लागले. ब्रिटनमधून ते त्याच वर्षी, तर अमेरिकेतून मार्च २००० मध्ये मागे घेण्यात आले. गणित सोपे आहे. अडीच हजारांत एकही घटना घडली नाही, तरी खरा धोका हजारात एक असण्याची शक्यता संख्याशास्त्र नाकारू शकत नाही. दहा हजारांत एकास होणारी इजा चाचणीत सहज निसटते. तेच औषध दहा लाख लोकांनी घेतले म्हणजे शंभर घरांवर संकट येते.

म्हणजे औषधाची शेवटची परीक्षा बाजारात होते आणि तिची किंमत ग्राहक मोजतो. उत्पादक नफा घेतो, धोका मात्र समाजात वाटला जातो. हा धोका टाळता येत नसेल तर निदान तो मोजला तरी गेला पाहिजे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात २०१० मध्ये सुरू झाला. त्याचे केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. डॉक्टरच काय, स्वतः रुग्णही तेथे नोंद करू शकतो. पण चिठ्ठीवाचून गोळ्या विकल्या जातात, कोणती गोळी किती दिवस घेतली हे रुग्णाला सांगता येत नाही, आणि कावीळ झाली म्हणजे औषधाची शंका कोणाला येत नाही. नोंद होणार तरी कशी?

मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने औषध-चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशींवरील आणि संगणकावरील पद्धतींना वाव दिला. हे स्वागतार्ह आहे. तथापि प्राणी जाऊन पेशी आल्या म्हणून प्रश्न विचारणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. उंदराला बोलता येत नाही. तो फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. रुग्णाला मात्र बोलता येते. त्याचे म्हणणे टिपून घेण्याची यंत्रणा तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचवणे, हे कोणत्याही नव्या प्रयोगशाळेइतकेच निकडीचे काम आहे, आणि खर्चाच्या मानाने ते कितीतरी स्वस्त आहे.