षट्कर्मांतील सहावे कर्म : शिल्प

कर्मभूमीच्या आरंभी भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही उपजीविकेची सहा कर्मे शिकविली, असे आपली परंपरा सांगते. त्यांपैकी वाणिज्य आणि वहीखात्याची मसि आपण पिढ्यान्‌पिढ्या जपली. शिल्प मात्र आपल्या घरांतून दूर गेले. दहावी झालेल्या मुलाने ‘मला यंत्रावरचे काम शिकायचे आहे’ म्हटले, की वडीलधारे विचारतात, ‘मग दुकान कोण पाहणार? सोयरिकीच्या वेळी काय सांगायचे?’

वास्तविक हे शिल्प आपल्या दाराशी आले आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे टेल्को, बजाज आले आणि कारखानदारी भोसरीपासून चाकणपर्यंत पसरली. बजाज टेम्पोचे संस्थापक नवलमल फिरोदिया आपल्याच समाजातले. व्यवसायाने वकील असूनही ते वाहननिर्मितीत उतरले.

उमेदवारीही आपल्याला नवी नाही. मामाच्या पेढीवर आधी झाडलोट, मग माप आणि सरतेशेवटी वही, अशाच क्रमाने आपले आजोबा शिकले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने या शिक्षणाला लेखी करार, विद्यावेतन आणि प्रमाणपत्राची जोड दिली.

आरंभाचा रूढ मार्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे आयटीआयमधून जातो. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे असून मुलींनाही खुले आहेत. त्यानंतर केंद्र शासनाच्या अप्रेंटिसशिप संकेतस्थळावर आधार, गुणपत्रिका आणि बँक खाते यांसह नोंदणी करावी व कारखान्यांकडे अर्ज करावा. आयटीआय न करताही काही व्यवसायांत थेट उमेदवारी मिळते. तेथे मुदत सहसा अधिक असते. उमेदवार अठरा वर्षांखालील असल्यास करारावर पालकाची सही लागते.

ही सही करण्यापूर्वी पालकांनी व्यापाऱ्याच्या नजरेने करार वाचावा. व्यवसायाचे नाव, मुदत आणि विद्यावेतन स्पष्ट लिहिले आहे का? शिकविणारा कोण? वर्षभर एकाच यंत्रावर माल काढून घेणार, की मोजमाप, नकाशावाचन आणि दुरुस्तीही शिकविणार? शिकविणे नसेल, तर ती उमेदवारी नव्हे, स्वस्त मजुरी होय. करारात तसे लिहिले नसल्यास मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते, हेही मुलाला आधीच सांगावे. दुसऱ्या पाळीत चौविहार कसा पाळायचा, सूर्यास्तापूर्वी डबा खाण्याची सवड मिळेल का, हे विचारण्यातही संकोच नको.

ज्यांचे स्वतःचे कारखाने आहेत, त्यांच्याकडेही एक कर्तव्य येते. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या कारखान्याला ते ऐच्छिक आहे. समाजातील एखाद्या मुलाला वा मुलीला वर्षभर नीट शिकविणे, हेही ज्ञानदानच.

आणि दुकानाचे काय? सुट्या भागांचे, हत्यारांचे वा विजेच्या सामानाचे दुकान असेल, तर माल हाताळून शिकलेला मुलगा गिऱ्हाइकाची अडचण आपल्यापेक्षा लवकर ओळखेल. धंदा वेगळा असला, तरी त्याच्या हाती स्वतःची विद्या असेल. येत्या प्रवेशाच्या हंगामात त्याला घेऊन एकदा भोसरीचा एखादा कारखाना पाहून यावा. निर्णय त्यानंतर करावा.