गावच्या वाचनालयाची फाईल

लोणार किंवा संग्रामपूर तालुक्यातल्या एखाद्या गावाला सरकारी अनुदानावर वाचनालय चालवायचं, तर संस्थेची नोंदणी आधी हवी. अनुदानाची चौकट १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याची. फाईल बुलढाण्याला जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे जाते, सोबत लेखापरीक्षण अहवाल.

गाडं अडतं ते बहुधा विश्वस्तांच्या यादीवर. अध्यक्ष वारले, नवे निवडले, की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अर्ज, द्यावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत तिथल्या नोंदणीच्या उताऱ्यावर जुनंच नाव राहतं आणि बँकेत सह्या बदलतानाही आडवं येतं. म्हणून हा अर्ज लांबणीवर टाकू नये.

एक दिलासा मात्र आहे. ९ मार्च २०१५च्या शासन निर्णयाने साक्षांकित प्रतीऐवजी स्वसाक्षांकित प्रत आणि प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र चालतं. कायद्यानेच सक्ती असेल तिथे नाही. कुणी जुन्या सवयीने राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का मागितला, तर निर्णयाची प्रत पुढे ठेवावी.

एवढ्यावर थांबू नये, असं मला वाटतं. धर्मादाय कार्यालयात जमा झालेला हिशेब ग्रंथालय खात्याने तिथूनच घ्यावा. शेती सांभाळून वाचनालय पाहणाऱ्या सचिवाने तोच कागद दोन कचेऱ्यांत का द्यावा?