जुनी विंडोज नव्या संगणकावर का चढत नाही?

आपल्या उपनगरांतील, म्हणजे अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या, विहारांच्या व मंडळांच्या स्मरणिका १९९० च्या दशकात खिळ्यांची जुळणी सोडून संगणकावर तयार होऊ लागल्या. विंडोज ९५ किंवा ९८, त्यावर पेजमेकर आणि मराठीसाठी श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकचे आयएसएम, असा त्यावेळच्या डीटीपीवाल्यांचा संसार होता. त्या काळच्या फ्लॉपी आणि सीडी अनेक संस्थांच्या कपाटांत आजही पडून आहेत. त्यांत ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या आठवणी आहेत, देणगीदारांच्या व गुणवंत विद्यार्थ्यांच्या याद्या आहेत. यातील बराच मजकूर दुसरीकडे कुठेही नाही.

ही फाईल आजच्या संगणकावर उघडली तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे व चिन्हांचा काला दिसतो. फाईल बिघडलेली नसते. त्या काळी प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या पद्धतीने मराठी आकार बसवले होते. तो फॉन्ट नसेल तर खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. सर्वांसाठी एकच संकेत ठरवणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण विंडोजमध्ये ती खऱ्या अर्थाने विंडोज २००० पासून आली. तिच्यासोबतचा ‘मंगल’ हा फॉन्ट पवईच्या आयआयटीत शिकवणाऱ्या प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

जुने सॉफ्टवेअर चालवायचे तर जुनी विंडोज हवी, म्हणून एखादा उत्साही तरुण एक्सपीची सीडी नव्या संगणकात घालतो. तिथेच गाडी अडते. (थेट ९८ घालण्याच्या फंदात पडू नये. एक जीबीपेक्षा जास्त मेमरी दिसली की ती सुरूच होत नाही. पेजमेकर एक्सपीवरही चालतो.) मग सीडी खराब आहे असे म्हणून दुसरी शोधली जाते. दोष सीडीचा क्वचितच असतो. एक्सपी २००१ साली आली. त्यानंतर जन्मलेल्या भागांची तिला ओळखच नाही. गाडी नेमकी कुठे अडली हे पाहिले की कोणता भाग अनोळखी आहे ते कळते.

संगणक सीडीवरून सुरूच होत नसेल तर कारण यूईएफआय हे आहे. पूर्वीच्या बायोसची जागा या नव्या पद्धतीने घेतली. सेटिंगमध्ये ‘सिक्युअर बूट’ बंद व ‘सीएसएम’ किंवा ‘लेगसी’ चालू करता आले तर पुढे जाता येते, पण अलीकडच्या अनेक संगणकांत ही सोयच उरलेली नाही.

निळा पडदा येऊन शेवटी ‘७बी’ असलेला क्रमांक दिसला, किंवा हार्ड डिस्क सापडत नाही असा संदेश आला, तर डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर एक्सपीकडे नाही असे समजावे. साटा डिस्क असल्यास सेटिंगमध्ये ‘एएचसीआय’ ऐवजी ‘आयडीई’ निवडून पाहावे. हा पर्यायही नव्या बोर्डांवर बहुधा नसतो. आणि डिस्क एनव्हीएमई प्रकारची असेल तर एक्सपीचा नाद सोडावा.

विंडोज ७ घालणाऱ्यांना वेगळाच अनुभव येतो. पहिला पडदा दिसतो आणि त्याच क्षणी कीबोर्ड व माऊस मरतात. विंडोज ७ च्या मूळ सीडीत यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही, आणि २०१५ च्या सुमारापासूनच्या इंटेल संगणकांत यूएसबीची जुनी व्यवस्थाच काढून टाकलेली आहे. ड्रायव्हर आधी सीडीच्या प्रतीत घालून घेणे हा त्यावर उपाय. जुना पीएस/२ कीबोर्ड लावण्याची जागा असेल तर तोही चालतो.

एक इशारा मात्र ठळकपणे देतो. या खटपटीत जुने पार्टिशन पुसायचे का, असा प्रश्न पडद्यावर येतो. ‘हो’ म्हटले की संगणकातील सर्व काही गेले. संस्थेच्या हिशेबाच्या संगणकावर हा प्रयोग कदापि करू नये.

माझ्या मते या साऱ्या झटापटीची गरजच नाही. नव्या विंडोजच्या आतच एक खोटा संगणक उभा करता येतो. व्हर्च्युअलबॉक्स हे त्याचे फुकट मिळणारे साधन आहे. हा खोटा संगणक एक्सपीला तिच्या ओळखीचेच भाग दाखवतो, त्यामुळे ती निमूटपणे बसते. त्याला एक जीबी मेमरी व वीस जीबी डिस्क पुष्कळ झाली. डिस्क आयडीई प्रकारची निवडावी. तो चालूच होत नसेल तर मूळ संगणकाच्या सेटिंगमध्ये ‘व्हर्च्युअलायझेशन’ बंद आहे का ते पाहावे. त्याला इंटरनेट मात्र जोडू नये. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली आहे.

इथे एकच अडचण उरते, ती कुलपाची. काही मराठी सॉफ्टवेअर प्रिंटरच्या जागी लावायच्या छोट्या कुलपाशिवाय उघडत नसत, आणि आजच्या संगणकाला ती जागाच नाही. बाजारात मिळणारी यूएसबीची जोडवायर प्रिंटरपुरती असते. कुलूप तिच्यातून सहसा ओळखले जात नाही. अशा वेळी २००५-०६ च्या सुमाराचा जुना संगणक मिळवणे बरे. लॅमिंग्टन रोडला किंवा एखाद्या सभासदाच्या माळ्यावर तो सापडू शकतो. तेही जमले नाही तर जुन्या फॉन्टच्या फाईली तरी एक्सपीत टाकाव्यात. मजकूर दुरुस्त करणे कठीण होईल, पण वाचता येईल आणि छापता येईल.

फाईल उघडली की आधी प्रत्येक पानाची पीडीएफ करून ठेवावी. मग मजकूर युनिकोडमध्ये बदलावा. त्यासाठी परिवर्तक मिळतात. त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर आणि पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होई, युनिकोडमध्ये नेमके उलटे. त्यामुळे ‘वर्षावास’ चा ‘वषार्वास’ होतो. लेखात अशी चूक वाचणाऱ्याच्या लक्षात येते, पण देणगीदारांच्या यादीत एखाद्याचे आडनाव बदलून गेले तर ते कोणाला कळणार? म्हणून एकाने पीडीएफ मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने नवा मजकूर तपासावा, आणि याद्या वाचताना त्या काळच्या सभासदांपैकी कोणीतरी शेजारी बसलेले असावे.