सुटा दात

ढेकूळ तळहातावर मावेल एवढं. मध्य प्रदेशातल्या शहडोल जिल्ह्यात टिकी नावाचं गाव आहे, तिथल्या सुमारे २२ कोटी वर्षं जुन्या लाल चिखलदगडाचं. हाड की खडा अशी शंका आली तर जीवाश्मांच्या कामातले लोक जीभ लावून बघतात. सच्छिद्र हाड जिभेला चिकटतं. इथे ती वेळ आली नाही. दाताची काळी चकाकी एका बाजूने डोकावत होतीच.

सूक्ष्मदर्शकाखाली सुई धरायची ती दातावर टोचायला नाही, दातापासून बाहेर ओढायला. कण सुटला की ब्रशने झटकायचा. चीर दिसली की अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड या गोंदाचा थेंब सोडायचा आणि वाळेपर्यंत हात मांडीवर ठेवायचे. मला तेवढंच जमेना. दुसऱ्या दिवशी घाई केली आणि टोकाचा टवका उडाला. अर्धा तास गुडघ्यांवर रांगत फरशी धुंडाळली, तेव्हा टेबलाच्या पायाशी सापडला. शेजारच्या ताई मान वर न करता म्हणाल्या, "आता खाली पांढरा कागद अंथर."

तिसऱ्या दिवशी कड मोकळी झाली. चपटा, मागे वळलेला दात. कडेला करवतीसारखे बारीक दाते. नखाची कड ओढली की खर्र लागायचं. मी हरखून चिठ्ठीवर लिहिलं: टिकिसुकस.

१९८७ साली शंकर चटर्जी आणि मजुमदार यांनी टिकीच्याच थरांतून वर्णन केलेला हा शिकारी. मगरीच्या कुळातला, पण फतकल मारून चालणारा नव्हे. मांडीच्या हाडावर कमरेच्या हाडाचं छप्पर, त्यामुळे पाय खांबासारखे सरळ अंगाखाली.

ताईंनी नाव खोडलं. मगरीसारख्या दिसणाऱ्या फायटोसॉरच्या जबड्यातले मागचे दातही चपटे, करवती असू शकतात, आणि मांसाहारी डायनोसॉरचे तर असतातच. या साम्याने मोठमोठे फसलेत. १८६१ साली जर्मनीत टेराटोसॉरस हे नाव एका वरच्या जबड्याला मिळालं आणि शंभराहून अधिक वर्षं त्याला डायनोसॉर समजलं गेलं. खुद्द चटर्जींना १९८५ साली टेक्सासच्या पोस्टोसुकसमध्ये टायरॅनोसॉरसच्या पूर्वजांची खूण दिसली होती. टेराटोसॉरससारखा तोही निघाला मगरीच्याच बाजूचा.

चिठ्ठीवर आता मगरी, डायनोसॉर सगळ्यांना पोटात घेणारं नाव आहे: 'मांसाहारी आर्कोसॉर, सुटा दात, टोक चिकटवलेलं.' शेवटचे दोन शब्द ताईंच्या अक्षरात.